लबोर्नचा न चिरलेला मेंदू : वाचेच्या जागेचा शोध घेणारे एक प्रकरण

एप्रिल १८६१ च्या दुसऱ्या आठवड्यात पॅरिसच्या दक्षिणेस असलेल्या बिसेत्रच्या रुग्णालयात, उजवा पाय पावलापासून नितंबापर्यंत सुजून सडू लागलेल्या एका एक्कावन्न वर्षांच्या माणसाला शस्त्रक्रिया विभागात हलवण्यात आले. तेथील शल्यचिकित्सक पॉल ब्रोका यांनी त्याला आजार कसा सुरू झाला, काय दुखते, अशी नेहमीची विचारपूस केली, तेव्हा प्रत्येक प्रश्नाला एकच उत्तर मिळाले: "तां, तां." रुग्णालयात सगळे त्याला तां या नावानेच ओळखत. त्याचे आडनाव लबोर्न होते. १७ एप्रिलला तो वारला आणि दुसऱ्याच दिवशी ब्रोका यांनी त्याचा मेंदू पॅरिसच्या मानवशास्त्र संस्थेच्या सभेत सर्वांसमोर ठेवला. ही संस्था त्यांनी स्वतःच दोन वर्षांपूर्वी, १८५९ मध्ये, स्थापन केली होती.

पाठ्यपुस्तकांत या प्रकरणाला सहसा एक ओळ मिळते: ब्रोका यांनी मेंदूतील वाचेचे केंद्र शोधले. ही ओळ सर्वस्वी चुकीची नाही, परंतु तिच्यामुळे या प्रकरणातील सर्वांत मोलाच्या दोन गोष्टी झाकल्या जातात. पहिली अशी की ब्रोका यांनी रोग्याच्या एकवीस वर्षांच्या आजाराचा काळानुसार क्रम लावला आणि मेंदूतील बिघाड त्या क्रमाशी ताडून पाहिला. दुसरी अशी की त्यांनी तो मेंदू चिरला नाही. मला स्वतःला दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची वाटते. तिचे कारण पुढे ओघाने येईल.

रोग्याचा पूर्वेतिहास

लबोर्नला तरुणपणापासून अपस्माराचे झटके येत. तरीही वयाच्या तिसाव्या वर्षापर्यंत तो काम करून पोट भरत होता. चपला-बूट बनवणाऱ्यांना लागणारे लाकडी साचे घडवणे हा त्याचा धंदा होता. त्या सुमारास त्याची वाचा गेली. ती एकाएकी गेली की हळूहळू, हे ब्रोका यांना कोणी सांगू शकले नाही. वाचा गेल्यावर दोन-तीन महिन्यांत त्याला बिसेत्रमध्ये दाखल करण्यात आले. त्या वेळी तो धडधाकट होता, हिंडत-फिरत होता आणि समोरच्याचे बोलणे त्याला समजत होते. तोंडातून मात्र एकच अक्षर निघे, ते बहुधा दोनदा, आणि त्याच्या जोडीला हातवारे असत.

दहा वर्षे अशी गेल्यावर उजवा हात दुबळा होत गेला आणि शेवटी लुळा पडला. मागाहून उजवा पायही गेला. शेवटची सुमारे सात वर्षे लबोर्न अंथरुणावरच होता, आणि ज्या अंगाला स्पर्शाची जाणीव मंदावली होती त्याच अंगाला तो जीवघेणा दाह सुरू झाला. बिसेत्रमधील सोबतचे रोगी त्याला आपमतलबी, सूड धरणारा, चोरटासुद्धा म्हणत. ज्याला आपली बाजू एका शब्दानेही मांडता येत नव्हती अशा माणसाविषयीचा हा अभिप्राय आहे, हे वाचताना ध्यानात ठेवावे.

ब्रोका यांनी आधी हे पाहिले की दोष बोलण्याच्या इंद्रियांत तर नाही ना. जीभ सहज हलत होती, आवाज स्वाभाविक होता आणि जे एक अक्षर निघत होते त्याचा उच्चार स्वच्छ होता. म्हणजे कंठ, जीभ, ओठ यांच्यात बोलणे अडवील असे काही नव्हते. मग समजशक्ती तपासायची, तर उत्तरे शब्दांत मिळणार नाहीत हे उघड होते. म्हणून ब्रोका यांनी संख्येत देता येतील असे प्रश्न विचारले. बिसेत्रमध्ये येऊन किती वर्षे झाली, असे विचारताच लबोर्नने डाव्या हाताची पाच बोटे चार वेळा उघडली आणि मग एक बोट दाखवले. एकवीस. नोंदवहीप्रमाणे हे उत्तर अचूक होते. दुसऱ्या दिवशी तोच प्रश्न विचारला तेव्हा तेच उत्तर आले. तिसऱ्यांदा विचारल्यावर मात्र आपली परीक्षा घेतली जात आहे हे त्याने ओळखले आणि तो चिडला. त्याच्या तोंडून देवाचे नाव घेऊन दिलेली एक पूर्ण शिवी बाहेर पडली. घड्याळातील वेळही तो बोटांनी सांगू शकत असे. काही प्रश्नांना त्याने बरोबर उत्तरे दिली नाहीत आणि बुद्धीही काहीशी उणावलेली आहे असे ब्रोका यांनी प्रामाणिकपणे नमूद केले, परंतु वाचेच्या हानीचा उलगडा व्हावा इतकी ती उणीव खासच नव्हती.

त्या वेळचा वाद

या रोग्याकडे ब्रोका यांचे इतके बारीक लक्ष का गेले, हे कळण्यासाठी त्या वर्षी पॅरिसमध्ये चाललेला वाद माहीत हवा. मेंदूच्या निरनिराळ्या भागांकडे निरनिराळी कामे असतात, असे एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी फ्रान्झ योझेफ गाल हे वैद्य मांडत होते; पण डोक्याच्या कवटीवरील उंचवटे चाचपून माणसाचे गुणावगुण ओळखता येतात, ही त्यांची समजूत टिकणारी नव्हती आणि तिच्यामुळे मूळ कल्पनाही बदनाम झाली. शरीरशास्त्रज्ञ पिएर फ्लुरान्स यांनी पक्ष्यांवर व इतर प्राण्यांवर प्रयोग करून मोठा मेंदू अखंडपणे एकच काम करतो, असे प्रतिपादन केले होते आणि त्यांच्या शब्दाला मोठे वजन होते. तरीही झाँ-बातिस्त बुयो हे वैद्य १८२५ पासून सांगत आले होते की बोलण्याची शक्ती मेंदूच्या पुढच्या भागात, म्हणजे कपाळामागील ललाटखंडांत असते. दोन्ही ललाटखंडांना गंभीर इजा होऊनही ज्याची वाचा शाबूत राहिली असा रोगी दाखवणाऱ्यास पाचशे फ्रँक देण्याची तयारी त्यांनी दर्शवली होती.

४ एप्रिल १८६१ रोजी बुयो यांचे जावई एर्नेस्त ओबेर्तँ यांनी मानवशास्त्र संस्थेत हाच पक्ष पुन्हा मांडला. स्वतःच्या कपाळावर गोळी झाडून घेतलेल्या एका माणसाचे उदाहरण त्यांनी दिले. त्याच्या कवटीचा पुढचा भाग उडून मेंदू उघडा पडला होता. तो बोलत असताना ललाटखंडांवर एका चपट्या पात्याने हलकेच दाब दिला की बोलणे मध्येच तुटे आणि दाब काढला की परत सुरू होई. वाचा गेलेल्या एखाद्या रोग्याच्या शवविच्छेदनात ललाटखंड निर्दोष सापडले तर आपण हे मत सोडून देऊ, असेही ओबेर्तँ यांनी भर सभेत सांगितले. त्यानंतर काही दिवसांतच लबोर्न ब्रोका यांच्या विभागात आला.

ब्रोका यांनी ओबेर्तँ यांना बोलावून घेतले आणि रोगी जिवंत असतानाच हे उदाहरण तुमच्या कसोटीला उतरते का, असे विचारले. ओबेर्तँ यांनी होकार दिला. शवविच्छेदनाआधी भाकीत करणे आणि ते साक्षीदारासमक्ष करणे, ही गोष्ट वरवर साधी दिसते. पण मेंदू हातात आल्यावर त्यात आपल्याला हवे ते पाहणे फार सोपे असते, आणि त्या काळातील अनेक उदाहरणांना हाच दोष लागलेला आहे. लबोर्नचे प्रकरण त्यापासून बरेचसे मुक्त आहे.

मेंदूत काय आढळले

शवविच्छेदन मृत्यूनंतर चोवीस तासांनी झाले. मेंदूचे वजन ९८७ ग्रॅम भरले. पन्नाशीच्या पुरुषाच्या मेंदूच्या सरासरी वजनाहून ते सुमारे चारशे ग्रॅमनी कमी होते. डाव्या गोलार्धात पुढच्या बाजूला कोंबडीच्या अंड्याएवढी पोकळी होती आणि ती पाण्यासारख्या द्रवाने भरलेली होती. आजूबाजूचा भागही मऊ पडला होता.

येथे मेंदूच्या रचनेविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. मोठ्या मेंदूचा पृष्ठभाग घड्या पडलेल्या कापडासारखा असतो. वर आलेल्या भागाला वळी म्हणतात आणि दोन वळ्यांमधील खाचेला सीता. एका खोल आडव्या सीतेमुळे शंखखंड, म्हणजे कानाकडचा भाग, वरच्या भागापासून वेगळा होतो, तर मध्यभागी उभ्या उतरणाऱ्या सीतेमुळे ललाटखंड मागच्या पार्श्विक खंडापासून वेगळा होतो. ललाटखंडाच्या बाहेरील बाजूस एकाखाली एक अशा तीन आडव्या वळ्या असतात. आडव्या सीतेच्या ओठांमागे, वरून न दिसणारा, पृष्ठभागाचा एक दडलेला तुकडा असतो. त्याला द्वीप म्हणतात. त्याच्याही आत धूसर द्रव्याच्या, म्हणजे चेतापेशींच्या, गाठी असतात आणि मेंदूच्या दूरदूरच्या भागांना जोडणाऱ्या चेतातंतूंच्या जुड्या त्याच खोलीतून जातात.

ब्रोका यांच्या आधीच्या बहुतेकांनी मेंदूचा पुढचा भाग, मधला भाग अशा ढोबळ शब्दांत लिहिले होते. त्या काळी वळ्यांची ठेवण ही आतड्यांच्या वेटोळ्यांसारखी अनियमित आहे, असे पुष्कळांना वाटे. वळ्यांना निश्चित क्रम आहे, तेव्हा बिघडलेल्या वळीचे नाव आणि तिचा क्रमांक सांगितल्याशिवाय निरीक्षणाला अर्थ नाही, असा आग्रह ब्रोका यांनी धरला. माझ्या मते त्यांच्या निष्कर्षापेक्षाही या आग्रहाने मेंदूच्या अभ्यासाला अधिक दिले. गाल यांचे उंचवटे कवटीवर होते. ब्रोका यांनी पत्ता दिला तो मेंदूवरचा, आणि तो दुसऱ्या कोणालाही पडताळून पाहता येत होता.

लबोर्नच्या मेंदूत बिघाड एका वळीपुरता नव्हता. डाव्या बाजूच्या ललाटखंडातील तिसऱ्या वळीचा मागचा अर्धा भाग जवळजवळ नाहीसा झाला होता. दुसऱ्या वळीचेही बरेच नुकसान झाले होते. शंखखंडाची वरची वळी, द्वीप आणि खोलवरची एक धूसर गाठ यांनाही झळ पोचली होती. मग यांपैकी वाचेची हानी कशाने झाली, हे कसे ठरवायचे? ब्रोका यांनी येथे काळाचा आधार घेतला. सर्वांत जास्त झिजलेला भाग तो सर्वांत आधी बिघडलेला, असे धरले तर आरंभ तिसऱ्या वळीत झाला असला पाहिजे. रोग्याच्या इतिहासातही दोन टप्पे स्पष्ट दिसत होते: पहिली दहा वर्षे केवळ वाचा गेलेली होती, आणि पुढची अकरा वर्षे तिला पक्षाघाताची जोड होती. तेव्हा पहिल्या टप्प्यात बिघाड ललाटखंडाच्या एका वळीपुरता, बहुधा तिसरीपुरता, असावा आणि दुसऱ्या टप्प्यात तो पसरत जाऊन खोल भागापर्यंत पोचला असावा. "बहुधा" हा शब्द ब्रोका यांचा स्वतःचा आहे. पुढच्या लेखकांनी तो गाळला.

उजव्या अंगाचा पक्षाघात आणि डाव्या गोलार्धाचा बिघाड यांची सांगड सरळ आहे, कारण शरीराच्या एका बाजूच्या हालचाली विरुद्ध बाजूच्या गोलार्धाकडून होतात. चेहरा आणि हात हलवणारा मेंदूचा पट्टा तिसऱ्या वळीच्या अगदी मागे आहे आणि या साऱ्या भागाला एकाच मोठ्या धमनीच्या फांद्यांतून रक्त मिळते. आपल्याकडे अर्धांगवायूचा झटका आलेल्या माणसाविषयी "उजवी बाजू गेली आणि वाचाही बसली" असे एका दमात सांगितले जाते, त्यामागे हीच शेजारची जागा आणि हाच रक्तपुरवठा आहे.

दुसरा रोगी आणि डावी बाजू

एकाच रोग्यावरून ब्रोका यांनी नियम बांधला नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये लेलाँ नावाचा ८४ वर्षांचा रोगी मांडीचे हाड मोडल्यामुळे त्यांच्याकडे आला. दीड वर्षापूर्वीच्या झटक्यानंतर त्याच्याजवळ पाचच शब्द उरले होते: होय, नाही, नेहमी, मोडक्या उच्चाराचा "तीन" हा शब्द, आणि अर्धवट उच्चारलेले स्वतःचे नाव. कोणतीही संख्या सांगायची तर तो "तीन" म्हणे आणि खरी संख्या बोटांनी दाखवून आपली चूक सुधारी. मुले किती, असे विचारल्यावर तोंडाने तीन आले आणि बोटे चार वर झाली. आत अचूक संख्या आहे, तिला शब्द मात्र मिळत नाही, हे यापेक्षा उघडपणे दाखवणारे दुसरे उदाहरण मला ठाऊक नाही. लेलाँच्या मृत्यूनंतर त्याच्या मेंदूतही बिघाड डाव्या बाजूस त्याच ठिकाणी निघाला. हा बिघाड लबोर्नच्या मेंदूतील बिघाडापेक्षा बराच लहान होता.

१८६३ पर्यंत ब्रोका यांच्याजवळ आठ उदाहरणे जमली आणि आठही डाव्या बाजूची निघाली. तरीही त्यांनी निष्कर्ष काढण्यास संकोच केला. रचनेने जवळजवळ सारखे असलेले दोन गोलार्ध कामाने वेगळे असावेत, ही गोष्ट त्या काळच्या शरीरशास्त्राला रुचणारी नव्हती. आपण डाव्या गोलार्धाने बोलतो, असे त्यांनी १८६५ मध्ये स्पष्टपणे लिहिले. दक्षिण फ्रान्समधील वैद्य मार्क दाक्स यांनी हीच गोष्ट १८३६ मध्येच लिहून ठेवली होती, असे सांगून त्यांच्या मुलाने तो जुना लेख पुढे आणला होता. श्रेय कोणाचे यावर वाद झाला, परंतु दोन माणसे वेगवेगळ्या वाटांनी एकाच ठिकाणी पोचली हे निष्कर्षाला बळ देणारेच होते. उजव्या हाताने काम करणाऱ्या बहुतेक सर्वांची, आणि डावऱ्यांपैकीही बहुसंख्यांची भाषा डाव्या गोलार्धावर अवलंबून असते, हे आज पक्के झालेले आहे.

शिवी कुठून आली

लबोर्नच्या तोंडून निघालेली ती शिवी अनेक वर्णनांत गंमत म्हणून येते. ती गंमत नव्हे, पुरावा आहे. ज्याला "पाणी" म्हणता येत नाही तो रागाच्या भरात पूर्ण शिवी हासडतो, याचा अर्थ ठरवून शब्द जुळवणे आणि सवयीने किंवा भावनेच्या लोटाने शब्द बाहेर पडणे, ही मेंदूची दोन वेगळी कामे आहेत. इंग्रज वैद्य जॉन ह्यूलिंग्ज जॅक्सन यांनी ब्रोका यांच्यानंतर लवकरच या भेदावर भर दिला. वाचाघात झालेल्या, म्हणजे मेंदूच्या बिघाडाने वाचा गेलेल्या, कित्येकांना क्रमाने आकडे म्हणता येतात, तोंडपाठ प्रार्थना म्हणता येते, गाण्याच्या चालीवर शब्दही येतात. पण समोरच्या वस्तूचे नाव विचारले की जीभ अडते. आपल्या घरांतही यावरून गैरसमज होतात: पाढे म्हणता येतात आणि साधे उत्तर देता येत नाही, म्हणजे हा माणूस मुद्दाम बोलत नाही, किंवा त्याला काही कळेनासेच झाले आहे, असा ग्रह होतो. दोन्ही समजुती रोग्यावर अन्याय करणाऱ्या आहेत.

१८७४ मध्ये जर्मन वैद्य कार्ल व्हेर्निके यांनी याच्या उलट चित्र मांडले: शंखखंडाच्या वरच्या वळीचा मागचा भाग बिघडलेले रोगी सरसर बोलतात, परंतु त्यांच्या बोलण्याला अर्थ राहत नाही आणि दुसऱ्याचे बोलणे त्यांना उमगत नाही. तेव्हापासून भाषेचा विचार एका जागेऐवजी एकमेकींना जोडलेल्या अनेक जागांचा विचार होऊ लागला.

मेंदू न चिरण्याचा निर्णय

बिघाड आत किती खोल गेला आहे हे पाहण्यासाठी मेंदू चिरणे हाच त्या काळचा मार्ग होता. ब्रोका यांनी तो टाळला. हा नमुना संग्रहालयात अखंड राहावा अशी त्यांची इच्छा होती, म्हणून मेंदू अल्कोहोलमध्ये ठेवून पॅरिसच्या दुपुयत्राँ संग्रहालयात देण्यात आला. याची किंमत अशी की बिघाडाच्या खोलीविषयी त्यांना बाहेरून अंदाजच करावा लागला. १९०६ मध्ये फ्रेंच वैद्य पिएर मारी यांनी नेमके यावरच बोट ठेवले. डावीकडील तिसऱ्या ललाटवळीला भाषेच्या बाबतीत काहीही खास महत्त्व नाही, असे त्यांनी कठोर शब्दांत लिहिले. हा वाद त्या काळात मिटणे शक्य नव्हते, कारण कोणतेही उत्तर मेंदू नष्ट करूनच मिळाले असते.

मेंदू अखंड राहिला म्हणूनच १९८० च्या सुमारास त्याचे सीटी स्कॅन करता आले आणि २००७ मध्ये नीना ड्रॉन्कर्स व त्यांच्या फ्रेंच सहकाऱ्यांनी लबोर्न आणि लेलाँ या दोघांच्या मेंदूंच्या सूक्ष्म एमआरआय प्रतिमा प्रसिद्ध केल्या. लबोर्नच्या मेंदूत बिघाड पृष्ठभागावरून दिसतो त्यापेक्षा पुष्कळ खोल होता. द्वीप नष्ट झाले होते, आतल्या धूसर गाठींची हानी झाली होती, आणि ललाटखंडाला मागच्या भागांशी जोडणारी तंतूंची लांब जुडी तुटलेली होती. लेलाँच्या मेंदूत तर तिसऱ्या वळीतील ज्या भागाला आज ब्रोका क्षेत्र म्हणतात त्याचा केवळ मागचा भाग बाधित होता आणि उरलेला शाबूत होता. ती जुडी मात्र त्याच्याही मेंदूत दुखावलेली होती. म्हणजे ब्रोका यांनी दाखवलेली जागा आणि त्यांच्या नावाने पुढे रूढ झालेले क्षेत्र तंतोतंत एक नाहीत. जे. पी. मोर व सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये दाखवून दिलेली गोष्ट याच्याशी जुळते: बिघाड केवळ त्या क्षेत्रापुरता असेल तर गेलेली वाचा बरीचशी परत येते, ती कायमची जाण्यासाठी आजूबाजूचा आणि खोलवरचा भागही बिघडावा लागतो.

यावरून ब्रोका चुकले असे म्हणणे मला मान्य नाही. पृष्ठभागावर दिसले तेवढेच त्यांनी पृष्ठभागाविषयी लिहिले, आणि जे दिसत नव्हते ते पाहण्याची वाट पुढच्यांसाठी मोकळी ठेवली. मारी यांची शंकाही निराधार नव्हती. बिघाड एका वळीपेक्षा बराच मोठा आहे, एवढे त्यांचे म्हणणे प्रतिमांनी खरे ठरवले. त्या वळीला काहीच महत्त्व नाही, हे मात्र ठरवले नाही.

रोग्याविषयी मात्र दीड शतक जवळजवळ काहीच माहीत नव्हते आणि त्या रिकाम्या जागेत तो अडाणी, कफल्लक, गरमी या गुप्तरोगाने पछाडलेला होता अशा कथा शिरल्या होत्या. सेझारी डोमान्स्की या पोलिश इतिहासकारांनी जुनी दप्तरे धुंडाळून २०१३ मध्ये त्याची ओळख प्रसिद्ध केली. लुई व्हिक्तोर लबोर्न १८०९ मध्ये मोरे या गावी जन्मला; वडील शाळामास्तर होते आणि घरात लिहिण्या-वाचण्याचा राबता होता. चामडे कमावण्यासाठी ओकच्या सालीचा जो भुगा वापरतात त्याला फ्रेंचमध्ये "तां" म्हणतात, आणि मोरेमध्ये असा भुगा दळणाऱ्या गिरण्या होत्या. त्याच्याजवळ उरलेले एकमेव अक्षर तेथूनच आले असावे, असा तर्क डोमान्स्की यांनी केला आहे.